कावळे मला ओळखतात

२४ ऑगस्ट १९९७

ठमीने आज कावळ्याचं पिल्लू मारलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. पिल्लू म्हणजे अंगाने चांगलं मोठं, पण बिचाऱ्याला धड उडता येत नव्हतं. मी धुण्याची बादली घेऊन वर गेले तर आमच्या मांजरबाई त्याची मान धरून बसलेल्या! बादली आपटली तेव्हा कुठे सोडलं. उपयोग काय, गेलं होतं.

शेजारच्या कडुनिंबावर कावळ्यांनी नुसता कल्लोळ केला. मी पिल्लू पंखाला धरून उचललं, रद्दी पेपरात गुंडाळलं आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यात टाकून आले. सगळी फौज माझ्या डोक्यावरून काव काव करत पार तिथपर्यंत. शर्मा भाभींनी फाटकातून विचारलं, "क्या हो गया?" कुछ नहीं, म्हटलं.

घरात कुणाला बोलले नाही. सासूबाईंना मांजर पहिल्यापासून नको होतं, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या!

बापू असते तर मात्र त्यांना सांगावंच लागलं असतं. माझे सासरे. रोज सकाळी गच्चीवर ह्याच कावळ्यांना पोळी कुस्करून घालायचे. दर पावसाळ्यात बजावायचे — "सूनबाई, पिल्लं खाली उतरायला लागली की सकाळचं मांजराला आत ठेवत जा." गेल्या नोव्हेंबरात ते गेले आणि ते बजावणंही गेलं. आज माझी डब्याची घाई, ठमी दारात म्याँव म्याँव करून डोकं उठवत होती. मीच कडी काढली. जा बाई एकदाची, असं म्हणाले!

२६ ऑगस्ट

कपडे वाळत घालताना डोक्यात टोच. मागून आला, टोचून गेला. पाठोपाठ दुसरा. चिमटे टाकून पळाले.

श्रीकांतना सांगितलं तर हसले. "घरटं असेल जवळपास." बँकेतून आल्यावर स्वतः वर जाऊन अर्धा तास शतपावली करून आले. ह्यांना एकानेही हात — म्हणजे चोच — लावली नाही.

३० ऑगस्ट

आता छत्री घेऊन जाते. एका हाताने छत्री, एका हाताने ओल्या चादरी. शर्मा भाभींना वाटतं मी रंगाला जपते.

११ सप्टेंबर

मधुराला नोकरी लागली! पुण्यात, कॉम्प्युटरच्या कंपनीत. सहा ऑक्टोबरला हजर व्हायचंय. एसटीडी बूथवरून धावत आली पोरगी, चपला एक इकडे एक तिकडे. श्रीकांत फ्रीगंजातल्या हलवायाकडून मावाबाटी घेऊन आले.

सासूबाईंनी तोंड गोड केलं नाही. बापूंनी जाण्याआधी ग्वाल्हेरच्या मित्राच्या नातवाचं स्थळ काढलं होतं, तेच घेऊन बसल्यात. बावीस वर्षांची मुलगी एकटी पुण्यात, आणि आपण इथे. मी म्हटलं, आई, जमाना बदललाय. म्हटलं खरं, पण मावाबाटी माझ्याही घशाखाली नीट उतरली नाही.

२३ सप्टेंबर

बापूंची तिथी. पितृपक्षातलं त्यांचं पहिलंच श्राद्ध. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं मीच केलं. गुरुजींचं आटोपल्यावर कावळ्याचं पान घेऊन वर गेले. श्रीकांत पाण्याचा तांब्या घेऊन मागे. आज छत्री कशी नेणार? पदर घट्ट घेतला.

मला बघितल्याबरोबर झाड पेटलं. एवढा आरडाओरडा की गुरुजी जिन्यातून डोकावले. पान ठेवलं, मागे सरून दारात उभी राहिले. एकही कावळा खाली येईना. फांदीवर बसून नुसते ओरडतायत, माझ्याकडे बघून. भात वाळला, खिरीवर साय धरली. शेवटी गुरुजी म्हणाले, गाईला घाला.

सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्या खाली देवघरात वाट बघत बसलेल्या. कळल्यावर एकदम खचल्याच. "घाटावर दहाव्याला ठेवल्या ठेवल्या शिवला होता. आता काय राहिलं ह्यांच्या मनात?" मग स्वतःच उत्तर दिलं — मधुरा. तिच्या लग्नात जीव अडकलाय.

सगळ्यांनी मधुराकडे बघितलं. मीही. मला माहीत होतं कावळे का येत नाहीत. ठमी त्या वेळी स्वयंपाकघरात वड्याचा तुकडा खात होती.

२४ सप्टेंबर

सासूबाई जेवल्या नाहीत. मधुराचे डोळे सुजलेत. मला विचारते, "आई, आजोबांना खरंच एवढं वाईट वाटत असेल?"

सांगायला हवं होतं तिथल्या तिथे. जिभेवर आलं होतं. म्हणाले, "आजीचं मन आहे गं."

खरं लिहू? इथे तरी लिहायला हवं. सासूबाईंना भिते हे निम्मंच खरं. निम्मं हे, की पोरीने लांब जाऊ नये असं मलाही वाटतंय. ग्वाल्हेर काय, रात्रभराच्या आत येणंजाणं. कावळ्यांनी माझं काम केलं आणि मी गप्प बसून करू दिलं. लाज वाटते. बापूंची इच्छा राहिली म्हणतात सगळे. राहिलीच आहे की! मांजर आत ठेव एवढंच मागायचे माझ्याजवळ.

२७ सप्टेंबर

ठमीला माणिककडे सोडून आले, नानाखेड्याला. शाळेतली मैत्रीण माझी. टेम्पोत रस्ताभर ठमी थैलीतून रडत होती. माणिकला बजावून आले, बाहेर सोडू नकोस. ती म्हणाली, "अगं, मांजर आहे, कधीतरी जाणारच बाहेर." त्यांच्या नव्या कॉलनीत मोकळे प्लॉट, टिटव्या, साळुंक्या. म्हणजे मी काय केलं? पाप उचललं आणि दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन ठेवलं.

घरी सांगितलं, तिच्याकडे उंदीर झालेत.

२९ सप्टेंबर

ठमी घरात नाही, तरी टोच बसली. रक्त आलं.

१ ऑक्टोबर

सर्वपित्री. पुन्हा पान. सासूबाई म्हणाल्या, आज मधुरा नेईल, आणि आजोबांना शब्द देईल. स्वतः गुडघे धरत, एकेक पायरी बसत वर गेल्या. मला म्हणाल्या, तू कढीकडे बघ.

मी जिन्यात उभी राहून ऐकलं. मधुरा अगदी स्पष्ट बोलली — "आजोबा, मी पुण्याला जात नाही. ग्वाल्हेरचं स्थळ बघते."

आणि आला! हात जोडलेले सुटायच्या आत. एक, मग दुसरा, मग सगळे. ओरडा नाही, काही नाही. सासूबाई ढसाढसा रडल्या. श्रीकांतही. घरभर एकच — बापूंनी ऐकलं.

मी डाव हातात घेऊन तशीच उभी. ठमीचं नव्हतंच ते. ठमी त्यांच्या लेखी मांजर, मांजर मारणारच. पंखाला धरून पिल्लू नेलं मी. पान ठेवणारी मी, म्हणून ते येत नव्हते. आज मी नव्हते, म्हणून आले. एवढंच. आणि एवढ्यावर माझ्या मुलीने शब्द दिला.

३ ऑक्टोबर

ग्वाल्हेरहून रविवारी येतायत. उद्या मधुरा पुण्याला फोन करून नाही म्हणणार.

संध्याकाळी माझ्याशेजारी गवार मोडत बसली. रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "मला वाटलं होतं, कावळा येणारच नाही. तेव्हा नाही आला, आज तरी कशाला येईल? मग आजीला म्हणता आलं असतं, बघ, आजोबांनाही हे स्थळ नकोय." मोडलेली शेंग ताटलीत टाकली. "इतक्या पटकन कसा गं आला?"

माझ्या बोटांना गवारीची शीर सापडेना.

तिला आत्ता एकटीला सांगितलं तर ती मलाच सांभाळून घेईल. आजीला सांगू नकोस म्हणेल. तशीच आहे ती. आणि नुसतं सांगून सासूबाईंना पटणार नाही, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना डोळ्यांनीच दाखवावं लागेल.

४ ऑक्टोबर

सकाळी सगळ्यांना गच्चीवर नेलं. सासूबाईंना मीच हाताला धरून. पोळी मधुराला ठेवायला लावली — आले, खाल्ली. श्रीकांतनी ठेवली — खाल्ली. मग छत्री जिन्यात टेकवली, डोक्यावरचा पदर काढला आणि पोळी घेऊन मी गेले.

सासूबाई किंचाळल्या, "अलका, अगं काय केलंस तू त्यांचं?"

सांगितलं. कडी काढली तिथपासून.

डोक्याला हळद लावलीय. आतल्या खोलीत मधुरा बॅग भरतेय.