गाडी अडली की बाबांना बरं वाटतं

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड

आज पुन्हा तेच. बाबांना डायलिसिसला न्यायचं, ते बेल्ट लावून शेजारी बसलेले, आणि चावी फिरवली तर नुसता 'टक'. दिवे लख्ख, हॉर्न वाजतो, बॅटरी नवीन. गॅरेजमध्ये नेली की मात्र निमूट सुरू होते, म्हणून दोष सापडतच नव्हता. शेवटी रिक्षाने गेलो.

परत आल्यावर मेकॅनिक सलीमभाईंना घरीच बोलावलं. नशिबाने तेव्हाही अडलेलीच होती. बॅटरीची अर्थिंगची वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते तिथे गंजून सैल झाली होती. त्यांनी घासून आवळली. लगेच सुरू.

धावत वर येऊन बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"गाडी सुरू नाही झाली ना, की मला बरं वाटतं गं," म्हणाले. "रिक्षा येईपर्यंत वाटतं, आजचा दिवस सुटलो."

मी त्या 'टक'वर चिडत होते, आणि बाबा शेजारी बसून... मला कसं कळलं नाही?

त्यांच्या अंगावर चादर ओढत विचारलं, "परवा जायचं ना, बाबा?"

"तू नेशील तर येईन."

हे 'हो' आहे की 'नाही'? पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.