एकोणसत्तर की एकोणऐंशी

२१ सप्टेंबर १९९७

सरांनी पेपर पाठवूनही दिला! पुण्याहून फोन – 'कुरिअर केला. डिसेंबरात परिषदेत तूच बोलायचं.'

संतोष फर्स्ट शिफ्ट करून आला. नक्की काय शोधलंस म्हणाला. सांगितलं – दिल्लीच्या यंत्रात जड अणुकेंद्रावर बीमचा, म्हणजे वेगवान कणांच्या झोताचा, मारा केला की ते गरगर फिरायला लागतं, मग एकेक पायरी उतरत मंदावतं. दर पायरीला एक गॅमा किरण. आमच्या शेवटच्या पायऱ्या ७०४, ७३७, ७६९. अंतर जवळजवळ सारखं. 'बंद केलेली मोटर थांबते तसं?' हो रे, पण गचके खात! सर म्हणतात, हे जगात कुणी पाहिलेलं नाही. त्याचीच तर भीती वाटते.

२३ सप्टेंबर

उगाच मूळ आलेख काढला. ७६९ ला काही नाही. सपाट! शिखर आहे ७७९ ला.

७७९ म्हणजे युरोपियम. दिल्लीत डिटेक्टर तपासायला जो किरणोत्सारी सोर्स ठेवतो, त्याची रेषा; आमच्या अणुकेंद्राची पायरी नव्हेच. बीम सुरू व्हायच्या आधी तो उचलून ठेवायचं काम माझं होतं. उचलला होता ना? आठवत नाही. आठवतच नाही!

२४ सप्टेंबर

कुणाला बोलले नाही. संतोष 'जेवलीस का?' म्हणाला तर खेकसले त्याच्यावर. बिचारा नवरा माझा.

२६ सप्टेंबर

कळलं! मी आलेखावरून आकडे वाचत होते, हर्षाली वहीत उतरवत होती. माझ्याबरोबरच पीएचडी करते, पण कॉन्व्हेंटची. मी म्हणाले असणार 'सातशे एकोणऐंशी', बाईसाहेबांनी लिहिलं ७६९! पेपरात नुसतं कोष्टक, आलेख नाही – कुणाच्या लक्षात येणार? आधी हसू आलं, मग रडूच फुटलं. तिची चूक साधी आहे. सोर्स राहिला तो माझ्यामुळे. तिचाही प्रबंध याच मोजणीवर आहे.

२७ सप्टेंबर

सरांना फोन केला. सोर्सचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, 'पेपर मागे घेतो. पुन्हा बीम मिळायला दोन वर्षं लागतील, माहिती आहे ना?' पीएचडीसाठी घेतलेली माझी रजा जूनमध्ये संपते. म्हणजे संपलंच.

'आणि आकडा कसा बदलला?'

'ऐकण्यात चूक, सर. हर्षालीला मराठी आकडे कुठे येतात!'

२८ सप्टेंबर

हर्षाली घरी आली. तिला बरं वाटावं म्हणून चिडवलं – 'एकोणऐंशी म्हणजे किती गं?'

'सेव्हंटी नाइन.' पटकन.

मी तिचीच वही तिच्यापुढे धरली – ७६९.

'ताई, तो आकडा पायऱ्यांत बसतच नव्हता हो. आणि सर इतके खूश होते...'

२९ सप्टेंबर

मोजणीच्या अकरा वह्या आहेत. सगळ्या तिच्याच अक्षरात.