दुसरी घागर

ऋतिका,

सकाळी तू आईच्या अंगणातल्या झोक्याचा व्हिडिओ पाठवलास. "अक्का, बठ्ठा तुनी वाट देखी राहिनात," असंही म्हणालीस. सगळे वाट पाहत असूनही मी चाळीसगावला आले नाही. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखजीला, लेकी माहेरी झोके घेतात, पण ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, तिथं त्याच्या नावानं घागर भरतात. यंदा पिंप्राळ्यात आमच्याकडे योगराजची घागर होती.

व्हिडिओत तुला झोका देणारे हात जितेंद्ररावांचे आहेत. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. नाक्यावर केळीची गाडी थांबवली नाही म्हणून पोलिसांनी योगराजवर, माझ्या नवऱ्यावर गोळी झाडली, तेव्हा तुझा नवराही त्यांच्यात बंदूक घेऊन उभा होता. गोळी कोणाची, ते चौकशीत अजून निघालेलं नाही. तूही त्याला विचारलं नसशील. तुझ्या जागी मी असते, तर ड्युटीवरून आलेल्या माणसाला आधी जेवायलाच वाढलं असतं. त्याचाच हेवा वाटतो गं मला, त्या वाढण्याचा.

काल कुंभारणीकडून मी दोन घागरी आणल्या. सासूबाईंनी विचारलं, "दुसरी कोणासाठी?"

मी म्हटलं, "एखादी फुटली तर असावी."

पहिली फुटली नाही. पाणी भरून, वर डांगराचं फळ ठेवून तिची पूजा झाली. दुसरी मी माळ्यावर पालथी ठेवली आहे. तुला झोका देणारे ते हात पाहिले की तिच्याकडे लक्ष जातं. फोडून टाकायला हवी, हे मला कळतं. पण मन होत नाही.

तुझीच,
चारुलताअक्का