तीन दिवस दूध घालू नका

सर, गेल्या वर्षी आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना पुण्याला ट्रेनिंगला बोलावलं होतं. विषय ऐकून तुम्ही चष्मा काढून हसला असता: नोकरीतली नीतिमत्ता. म्हटलं, चला, एसीत दोन दिवस झोप तरी होईल. पण शिकवणाऱ्या बाई हुशार निघाल्या. पेच पडला तर तीन प्रश्न विचारा, म्हणाल्या. कशाने जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल? परिणाम काहीही होवो, माझं कर्तव्य काय? आणि या जागी एखादा भला माणूस कसा वागेल? मी वहीत सगळं सुबक उतरवून घेतलं. परत आले आणि आठवडाही झाला नाही, तोच पेच दारात हजर.

पिंपरी पेंढारला एक बाई आहे. नवरा वारलेला, दोन गाई, घर त्या दुधावर चालतं. एका गाईच्या कासेला सूज आली म्हणून मी इंजेक्शन दिलं. ते औषध दुधात उतरतं, म्हणून तीन दिवस डेअरीला दूध घालू नका, असं मालकाला बजावायचं असतं. हजार वेळा बजावलं असेल मी. त्या दिवशी नेमका नारायणगावहून फोन आला, एक म्हैस अडली होती. मी बॅग उचलून पळाले आणि सांगायचं राहूनच गेलं. बाईने संध्याकाळी नेहमीसारखं दूध घातलं. ते गावाच्या दुधात मिसळलं, तपासणीत औषध सापडलं, सगळं दूध ओतून द्यावं लागलं. डेअरीच्या सेक्रेटरीने तिला सुनावलं, तुमचं दूध आता कायमचं बंद. तिचा मला फोन आला. "मॅडम, तुमी सांगितलंच असंल. माझंच ध्यान नव्हतं. आता काय करू वो मी?" आणि मी काय म्हणाले असेन? "बघते."

फोन ठेवून मी वही काढली. पहिला प्रश्न मला लगेच पटला, कारण तो माझ्याच बाजूने बोलत होता. एवढ्या गावांना मी एकटी डॉक्टर. लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर ते भोंदूंकडे जातील, जनावरं मरतील. म्हणजे गप्प बसण्यातच सगळ्यांचं भलं! दुसऱ्या प्रश्नातूनही मी पळवाट काढली: आधी वरिष्ठांना कळवणं हेच माझं कर्तव्य, गावात बोभाटा करणं नव्हे. ट्रेनिंगच्या बाईंनी मला शंभर मार्क दिले असते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वही मिटावी लागली. भला माणूस कसा वागतो ते मी तळेघरला डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी तुमच्या हाताखाली नवी नवी रुजू झाले होते. भाताच्या खाचरांच्या कडेने दोन तास चालून आपण त्या म्हाताऱ्याच्या गोठ्यात पोचलो. म्हैस आडवी पडलेली. तुम्ही शिरेत सुई घातलीत आणि कॅल्शियमची बाटली माझ्या हातात दिलीत. "हळू सोड," म्हणालात. घाबरून मी बाटली उंच धरली, औषध भरभर गेलं, आणि म्हशीने आपल्या डोळ्यांदेखत मान टाकली. म्हातारा कपाळाला हात लावून म्हणतो, "देवाची मर्जी, डाक्टर." तुम्ही त्याच्यासमोर खाली बसता. "देवाला मधे घेऊ नका, बाबा. औषध लई भरभर गेलं. चूक माझी." माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही. परतताना मी शहाणपणा केला, "सर, ते आपल्याला दोष देतच नव्हते की!" तुम्ही वाटेत थांबलात आणि कडाडलात. "त्यानं दोष दिला असता तर भांडलो असतो मी. दिला नाही, म्हणूनच घ्यायचा असतो, कळलं?" त्या दिवशी तुमचा फार राग आला होता, सर. आज तुमच्या पाया पडावंसं वाटतं.

तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत गेले. दूध घालणाऱ्यांची रांग होती, ती बाई किटली घेऊन बाजूला उभी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "यांना मी बजावलंच नव्हतं. चूक माझी." सेक्रेटरी म्हणाला, लेखी द्याल? दिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या राव, सरकारी डाक्टर!" पुढे ऑफिसची नोटीस आली, काही घरांनी मला बोलावणं सोडलं. तिचं दूध सुरू झालं. मला वाटलं होतं, ती आभार मानेल. कसलं काय! ती म्हणाली, "मी सोताच्याच तोंडात मारून घेतलं व्हतं, मॅडम." अजून मलाच बोलावते, पण सुई टोचायच्या आधी विचारते, दुधाचं काय? बरं वाटतं मला ते. तळेघरची ती वाट तुम्ही मला चालवली नसती, तर मी आजही वही उघडून बसले असते.

एक दुरुस्ती करायची आहे. वर ‘दुसऱ्या दिवशी’ असं लिहिलंय, ते खोटं आहे. तिच्या फोननंतर मी चौथ्या सकाळी गेले. त्याआधी तीन दिवस रोज सकाळी ती बाई किटली घेऊन डेअरीत गेली आणि भरलेली परत घेऊन आली, आणि मला ते ठाऊक होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वाचायला तुम्ही आता हयात नाही, तरी ते तीन दिवस मी तुमच्यापासून लपवून पाहिले.