अध्यक्षांचं निर्णायक मत

महाड, रविवार

नागरिकशास्त्राचे निवृत्त मास्तर आणि माझे जिवलग रावजी यांस, हारूनचा सलाम.

पनवेलची हवा गुडघ्यांना मानवली का? उमरठचा डोंगर सोडून लेकीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसलास. आता लिफ्ट बंद पडली की आमची आठवण काढ. वहिनींना सलाम. (आमच्या घरचा फोन सदा नुरजहाँच्या हातात असतो, म्हणून हे पत्र.) आमची खुशाली विचारू नकोस. माझं वाटोळं झालंय आणि ते तू केलंस.

जाताना वीर स्टेशनवर गाडीची वाट बघत (ती आपली नेहमीप्रमाणे लेट) तू मला लोकसभेत मतं समसमान पडली तर काय करतात ते शिकवलंस. अध्यक्ष आधी मत देतच नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत देतात, आणि तेही रिवाजाने, आहे ते मोडू नये अशा बाजूला. मला ते फार आवडलं. मी जन्मभर ट्रक चालवले, पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की मी पळवाट शोधतो. मत न देता मानाच्या खुर्चीत बसायची सोय या देशात आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आमच्या उझ्माला तुमच्या पनवेलात औषध कंपनीत नोकरी लागली. इथे एमआयडीसीत एवढ्या कंपन्या असताना पोरगी परगावी खोली घेऊन राहणार, म्हणून नुरजहाँने जेवण बंद केलं. (माझं. ती जेवत होती.) शेवटी घरात मतदान ठरलं. मी लगेच खुर्चीवर उशी टाकली आणि अध्यक्ष झालो. आता माझी अक्कल बघ. मतं होती पाच. मी वर जाऊन बसलो, उरली चार. नुरजहाँ आणि तिचा भाऊ मुसैब एकीकडे, उझ्मा आणि दुबईहून फोनवर आमचा अकिब दुसरीकडे. ज्याच्यापासून पळालो ते सगळ्यांच्या देखत माझ्याच गळ्यात पडलं.

मी घसा साफ करून रिवाज सांगितला: आहे तेच कायम. नुरजहाँचा चेहरा खुलला, मुसैबने चहा टाकायला सांगितला. तेव्हा उझ्मा शांतपणे म्हणाली, "अब्बा, ठराव काय होता? मी घेतलेली नोकरी सोडावी, असा. आहे तेच कायम म्हणजे मी चाललेय."

चहा राहिला बाजूला. "असला अध्यक्ष नाय बघितला," नुरजहाँ म्हणाली. "घरातली पोर घालवतो नि वर रिवाज सांगतो!" तेव्हापासून अबोला. मुसैब सलामाला नुसती मान हलवतो. आणि मला, खरं सांगतो, संध्याकाळी तिला रोज आणणारी एमआयडीसीची शिफ्टची बस आली आणि तिच्यातून आपली पोरगी उतरली नाही तर काय करायचं, हेच कळत नाही.

तुझा, सर्वांनी बहिष्कृत केलेला,
हारून

ता.क. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ती येतेय. स्टेशनवर जा. मी सांगितलं म्हणू नकोस, सहज आलो होतो म्हण. तुझ्या लेकीच्या, रेश्माच्या शेजारीपाजारी एखादी खोली बघून ठेव. तिच्याबरोबर सुक्या कोळंबीचे सोडे पाठवतोय, अर्धे तुमचे.

आणखी ता.क. वहिनींना पत्र वाचून दाखवत असलास तर इथेच थांब, त्या नुरजहाँशी बोलतात. ठराव कसा मांडायचा ते उझ्माला आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं. ती जावी असंच मला वाटत होतं, रावजी. फक्त एवढ्या लवकर जायला नको होती.