फ्लेक्सवरचं माझं तोंड

प्रिय सोमेश्वर,

खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावरच्या मुलाला पत्र लिहिणारी आई तू कधी पाहिली नसशील. मीही पाहिली नव्हती. पण मी बोलायला तोंड उघडलं की तुझा फोन कानाला लागतो, आणि परवापासून तर तू माझ्याशी फरशीकडे बघून बोलतोस. कागदाला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. तुझ्या बायकोला, मोनालीला, वाचायचं असेल तर तिलाही वाचू दे.

तुमचे नेते काकासाहेब गेले त्या सकाळपासून सुरुवात करते. बातमी आली आणि बघता बघता जुन्या जालन्यातली शटरं धडाधड खाली आली. काहींनी दुःखाने ओढली, काहींनी काचा फुटतील म्हणून. आपली उषाबाई भांडी घासता घासता तिथेच बसली आणि हंबरडा फोडला. तिच्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन काकासाहेबांच्या एका फोनवर झालं होतं, हे तुलाही माहीत आहे. "मॅडम, तुम्ही काहीबी म्हणा, माझा तर देवमाणूस गेला," म्हणाली. मी तिला पाणी दिलं, जवळ बसले. तिचं रडणं खरं होतं आणि खऱ्या रडण्याशी माझं भांडण नाही. संध्याकाळी मागच्या गल्लीत कुणी तरी फटाक्यांची माळ लावली. मला त्यांचीही शिसारी आली. खिडकी उघडून ओरडले, "लाज नाही वाटत? मढं अजून घरात आहे!" तर खालून एक आवाज, "का हो मॅडम, तुम्हीबी त्यांच्यातल्याच का?" म्हणजे बघ. या गावात आता एक तर छाती बडवायची, नाही तर पेढे वाटायचे. गप्प बसायची सोयच कुणी ठेवलेली नाही.

मी मात्र गप्पच बसणार होते, सोमेश्वर. खरं सांगते. अंत्ययात्रेचा ट्रक चौकातून गेला तेव्हा मी गॅलरीत उभी राहून हात जोडले. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, कुणाचीही अंत्ययात्रा दिसली की थांबायचं, त्याच्यासाठी मनातल्या मनात दोन शब्द म्हणायचे. मी म्हटले. ते माझ्या मनातून आले नाहीत, पण म्हटले. तिथे माझ्यापुरता तो विषय संपला होता. अस्थी शहागडला गोदावरीत जाणार, गाड्या लागल्यात, तू दोन दिवस त्याच गडबडीत, हे मला दिसत होतं. तुला महापालिकेचं तिकीट हवंय, त्यासाठी तिथे दिसायला हवं, हेही मला कळतं. मी तुला अडवलं नाही. कुठल्या गाडीत बसतोस हेसुद्धा विचारलं नाही.

मग मी परवा भाजी आणायला निघाले आणि चौकातल्या कठड्यावर तो फ्लेक्स दिसला. वर काकासाहेब ढगांत हसतायत, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", त्याच्याखाली "शोकाकुल", आणि मग चेहऱ्यांच्या रांगा. तुझा फोटो बराच मोठा. त्याला चिकटून मोनाली, आणि तिच्या शेजारी मी. मोत्यांचे डूल घातलेली, तुझ्या लग्नातली, दात दाखवून हसणारी मी. खाली लिहिलंय, "व समस्त परिवार". मला ठाऊक आहे असं कसं होतं. छापणाऱ्याने विचारलं असेल, परिवाराचा फोटो टाकू का, आणि तू फोनवर बोलता बोलता हो म्हणाला असशील. सगळेच टाकतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टाकतात तसे तेराव्याच्याही टाकतात. घरातल्या बाईला विचारायची पद्धत कुठे आहे? पण मी त्या कठड्यासमोर पिशवी धरून उभी राहिले आणि भाजी न घेताच मागे वळले.

घरी आले, शिवणाची कात्री घेतली, परत गेले. चहावाल्याकडचं स्टूल मागितलं. त्याला वाटलं मला बसायचंय. मी चढले तेव्हा रिक्षा स्टँडवरचा देवानंद धावत आला. "मॅडम, काय करून राह्यल्या? उतरा, पडसाल ना!" मी म्हटलं, स्टूल धर. बिचाऱ्याने धरलं. मी माझा चेहरा चौकोनी कापून काढला. कडेकडेने, मोनालीच्या कानाला धक्का न लावता. काकासाहेबांच्या अंगाला कात्री शिवली नाही. तोवर गर्दी जमली होती. एकाने मोबाइल वर धरला. दुसरा ओरडला, "आमच्या देवाचा फोटो फाडू राह्यली म्हातारी!" मी वरूनच सांगितलं, "तुझ्या देवाला हात लावला नाही रे. माझं तोंड माझ्या घरी नेतेय." यावर दोघं-चौघं हसले, आणि हसणाऱ्यांना बाकीच्यांनी शिव्या दिल्या, मग त्यांची आपसातच जुंपली. मला सगळे विसरले. देवानंदने मला रिक्षातून घरी सोडलं आणि भाडं घेतलं नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "मॅडम, आपल्या इंजिनियरसाहेबांचं तोंड मी पाह्यलं होतं त्या दिवशी."

तूही पाहिलं होतंस. तू सातवीत होतास. काकासाहेबांना तीर्थपुरीकडच्या एका तलावाच्या कामावर तुझ्या बाबांची सही हवी होती. तलाव होता फक्त नकाशावर. बाबा म्हणाले, खड्डा दाखवा, सही देतो. मग भर जनता दरबारात, लोकांच्या देखत, चौघांनी त्यांचे हात धरले आणि पाचव्याने तोंडाला काळं ऑइल फासलं. काकासाहेब समोर खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "इंजिनियरसाहेब फार गोरे होते, आता आपल्यातले वाटतात." सगळा मांडव हसला. संपत ड्रायव्हरने त्यांना जीपमध्ये घातलं, वर टॉवेल टाकला आणि मागच्या रस्त्याने घरी आणलं. मी आधी खोबरेल लावलं, मग रॉकेल, मग साबण. कातडी लाल झाली तरी मानेवरच्या वळ्यांमधलं निघेना. तू आतून कापूस आणलास आणि त्यांच्या कानामागचं पुसत राहिलास. "दुखतंय का बाबा?" असं दर वेळी विचारायचास.  त्या दिवसानंतर ते हसायचे, बोलायचे, पण जाईपर्यंत लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की उठून हात धुवायला जायचे. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये शोध, त्यांचा एक धड फोटो सापडत नाही. माणसं म्हणायची, साहेबांना फोटोची आवड नाही. त्याचं मूळ त्या दिवसात आहे हे आपल्या दोघांनाच कळत होतं, आणि आपण दोघांनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याच अल्बममधून उचललेला माझा फोटो तू त्या माणसाच्या पायाशी शोकाकुल म्हणून लावलास. म्हणून कात्री चालवली. आता कळलं?

व्हिडिओ फिरला, ते मलाही दिसलं. माझ्याच जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, मॅडम ग्रेट. दुसरीने लिहिलं, मृत्यूनंतर वैर संपतं, मॅडमकडून ही अपेक्षा नव्हती. दोघींनाही मीच इंग्रजी शिकवलंय, दोघींनीही मला फोन करून का ते विचारलं नाही. मग त्याच संध्याकाळी काकासाहेबांचे सात-आठ कार्यकर्ते घरी आले, पायातल्या चपला न काढता दिवाणखान्यात बसले. "काकू, फक्त हात जोडायचे, अनवधानाने झालं म्हणायचं, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. विषय कट." पुढच्याने असं सांगितलं, जसं काही मला इंजेक्शन द्यायचंय. तू दारात उभा होतास. मी म्हटलं, विचार करते. ते घाबरून म्हटलं असं तुला वाटलं असेल. शाळेत आम्हाला सॉरी हा शब्द सगळ्यात आधी शिकवला, आणि तो खोटा म्हटला तर सिस्टर परत वर्गाबाहेर उभं करायची. मनातून येईपर्यंत उभं राहा म्हणायची. मी दोन दिवस मनात शोधून पाहिलं. येत नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी असेल तर असू दे. उषाबाईचं मी मानते, त्यांचंही मानीन. काकासाहेबांनी रस्ते केले, पोरींचं वसतिगृह बांधलं, लोकांची दुखणी बरी केली. हे खरं आहे. आणि माझ्या नवऱ्याचं तोंड काळं केलं, हेही खरं आहे. माणूस मेला म्हणून यातलं एकही पुसलं जात नाही. मी कुणाला रडू नको म्हटलं नाही. मला कुणी रडवू नये, इतकंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल तू मला म्हणालास, आई, सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी तुला माझी आठवण झाली म्हणून. आज दुपारी मोनाली खाली येऊन रडली आणि तिने सगळं सांगितलं. तो डॉक्टर डोळ्यांचा नाही, मेंदूचा आहे. आईचं वय झालंय, अलीकडे डोकं ठिकाणावर नसतं, तिला काय करतोय ते कळत नाही, डॉक्टरकडून तसं लिहून आणतो, असं तू त्या कार्यकर्त्यांना सांगितलंस आणि त्यांनी ते मान्य केलं. मोनालीवर चिडू नकोस. तू हे मला वाचवायला केलंस की तिकिटाला, ते मी विचारणार नाही, कदाचित तुलाही नक्की सांगता येणार नाही. पण एवढं ऐक. त्या चौघा-पाचजणांनी बाबांचं तोंड काळं केलं, तेव्हा निदान बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, असं तरी ते म्हणाले नव्हते. उद्या सकाळी ती मंडळी पुन्हा येणार आहेत. दार मी उघडीन. तू त्यांच्यासमोर एकच वाक्य बोल. आईने मुद्दाम कापलं, आणि का कापलं ते मला माहीत आहे. पुढचं त्यांच्याशी मी बोलेन, तुला तोंड उघडावं लागणार नाही. आणि एवढं बोलणं जमणार नसेल तर जिना उतरू नकोस, वरच थांब. मला वेडी ठरवून सोडवायला मात्र खाली येऊ नकोस.

तुझीच,
पूर्ण शुद्धीत असलेली
आई