कावेरीच्या पगारातला दहावा हिस्सा

मी कोंडाबाई झिपरू महाले, वय एकाहत्तर, मूळची साक्री तालुक्याची, हल्ली राहणार टोकरखाडा, सिल्वासा. सायली गावच्या कारखान्यांतल्या कामगारांची खानावळ मी एकोणतीस वर्षं चालवली. डोकं ठिकाणावर आहे, साखर तेवढी जास्त आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करते. मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे. मी सांगते तसं अनंत लिहितो आहे आणि वाचून दाखवतो आहे.

१. टोकरखाड्याच्या दोन खोल्या माझा मुलगा भावेश आणि सून यांच्या. सून माझ्या भाकरीला नावं ठेवते, पण भावेशला सांभाळणं सोपं नाही, हे मी जाणते.

२. मोठा तवा, परात आणि दोन शेगड्या रोहिणीला, जी खानावळीत माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटत आली. दहा लिटरचा कुकर शेजारच्या पप्पूने सहा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेला. तोही तिनेच वसूल करावा, शिटीसकट.

३. बँकेतली तीन लाखांची ठेव रोहिणीची मुलगी कावेरी हिच्या फार्मसीच्या शिक्षणाला. भावेश म्हणतो, द्यायचेच तर कर्जाऊ दे, हप्ता बांधून. यावर माझं म्हणणं नीट लिहून घ्यावं, कारण मी दोन्ही करून पाहिलं आहे.

तेरा वर्षांपूर्वी खानावळीत जेवणाऱ्या ललितला मशीन चालवायचं शिकायला ऐंशी हजार हवे होते, आणि खानावळीत कामाला येणाऱ्या जयाला नर्सिंगला तेवढेच. ललितला हप्त्याने दिले. जयाकडे तारण नव्हतं, पुढच्या नोकरीचा भरवसा नव्हता. आमच्याकडे शेळी अर्धलीने देतात: शेळी माझी, चारापाणी तुझं, करडं निम्मी-निम्मी. जयाशी तसंच ठरवलं, फक्त निम्म्याऐवजी पगाराचा दहावा हिस्सा.

ललितने दोन वर्षं तारीख चुकवली नाही, आणि मीही त्याला तारखेपलीकडे काही विचारलं नाही. मग त्याची कंपनी बंद पडली. हप्ता काही बंद पडला नाही. तो माझं दार टाळून पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीने जाऊ लागला. मला दिसत होतं, तरी मी हाक मारली नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

जया बाळंतपणात आठ महिने घरी होती. पगारच नाही तर हिस्सा कसला? ती बिनधास्त यायची, चहा प्यायची, मूल माझ्या मांडीवर टाकून झोपायची. पुढे तिचा पगार वाढेना, तेव्हा दवाखान्याच्या मालकाशी मीच भांडून आले. तिचा वाढला तर माझाही वाढणार होता.

एक मात्र चुकलं. शेळीच्या व्यवहाराला कोणी मुदत घालत नाही. शेळी मेली की तो संपतो. जया देवाच्या कृपेने ठणठणीत आहे. दिल्याच्या दुपटीवर देऊन झालं तरी देतेच आहे, दिवाळीला दहावा लाडूसुद्धा मोजून आणते. आजपासून तिचा हिस्सा बंद. लाडू मी असेपर्यंत चालू ठेवावेत.

४. म्हणून कावेरीला पैसे हिस्स्यानेच द्यावेत. नोकरी लागल्यापासून दहा वर्षं पगाराचा दहावा भाग, किंवा दिल्याच्या दीडपट होईतो, जे आधी होईल ते. पगार नाही तेव्हा हिस्सा नाही. हा हिस्सा जयाने घ्यावा आणि शिकू पाहणाऱ्या पुढच्या मुलीला द्यावा. भावेशने वाईट वाटून घेऊ नये. भावेश, तू हप्ता आला का विचारशील, जया तिला जेवलीस का विचारेल.

५. ललितचे राहिलेले एकतीस हजार मी या पत्रात माफ करत नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीला तोच हवा होता. म्हणून काल त्याला बोलावून कर्जाची चिठ्ठी त्याच्यासमोर फाडली. तो म्हणाला, "मावशी, मी फेडणार होतो."

मी म्हटलं, "माहीत आहे. आधी जेव."

"उद्या सहीला पुढच्या दाराने ये," असंही तेव्हाच सांगितलं आहे.

ठिकाण: टोकरखाडा, सिल्वासा
तारीख: १२ फेब्रुवारी २०२६

सही: कोंडाबाई झिपरू महाले

साक्षीदार:
१. लीला सावे, निवृत्त शिक्षिका (सही)
२. ललित सोनवणे, मशीन ऑपरेटर (सही)

लिहिणार अनंत याची नोंद, मावशींच्या सांगण्यावरून: साक्षीदार क्रमांक दोन पुढच्या दाराने आले, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, आणि जेवून गेले.